पेशंटसोबतची बाई

२३ ऑक्टोबर २०१७, बुलडाणा

दिवाळीची सुट्टी संपली. सकाळच्या एसटीनं चिखलीहून आले. हॉस्टेलच्या खोलीत अजून कोणी परतलेलं नाही, म्हणून ही वही काढली. कॉलेजात सगळं इंग्रजीत लिहायचं, घरी अम्मी-अब्बांशी हिंदीत बोलायचं. मराठी माझ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतून आली आणि आता कुठंच लागत नाही. निदान इथं तरी वापरावी.

एम.एस्सी. नर्सिंगचं दुसरं वर्ष सुरू आहे. शाखा मेंटल हेल्थ. ही मी निवडलेली नाही. मला लहान मुलांची शाखा हवी होती, पण यादीत माझं नाव येईपर्यंत हीच उरली होती. गल्लीतल्या बायका अम्मीला विचारतात, "सबीहा पागलांची नर्स होणार काय?" अम्मी सांगते, "नाही, प्रोफेसर होणार." अब्बा गादीघरात रुई पिंजत बसलेले असतात. मशीनच्या आवाजात आपल्याला ऐकू आलं नाही असं दाखवतात.

मागच्या वर्षी प्रॅक्टिकलमध्ये मी नापास होता होता राहिले. वाकोडे मॅडमनी माझ्या कागदावर शेरा लिहिला होता, 'विद्यार्थिनी रुग्णाचं ऐकत नाही, रुग्णाला उपदेश करते.' यंदा एकच पेशंट घ्यायचा, भरती झाल्यापासून घरी जाईपर्यंत आणि नंतरही त्याच्यासोबत राहायचं. केस बिघडली तर वर्ष गेलं. अम्मी मग गल्लीला काय सांगेल कोण जाणे.

३० ऑक्टोबर

पेशंट मिळाली. सत्यभामाबाई, वडनेर भोलजीच्या. पन्नाशी उलटलेली, शेतात राबून वाळलेली बाई. पोटात फवारणीचं औषध गेलं होतं. जीव दुसऱ्या दवाखान्यात वाचला, आता शरीर सावरलं म्हणून आमच्या मानसिक आजारांच्या वॉर्डात पाठवलं आहे. नवरा रंगराव ज्याला त्याला एकच सांगतो, "पाणी समजून पेली जी. अंधारात बाटली हाती आली." डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि कागदावर दुसरंच लिहिलं.

बाई बोलत नाहीत. डोळे उघडे ठेवून भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असतात.

वॉर्डाचा नियम आहे, बाईपेशंटसोबत घरची एक बाई राहिलीच पाहिजे. सोबतीला सून आहे, योगिनी. माझ्याच वयाची असेल. कडेवर मुलगी, गुड्डी. मी सासूला नाव विचारलं तर सूनच सांगते. भूक लागली का विचारलं तरी सूनच सांगते.

२ नोव्हेंबर

मॅडम म्हणाल्या, "तिच्याजवळ बस. नुसती बस. प्रश्न विचारू नकोस." बसले. पंख्याचा आवाज, बाहेर स्टँडकडे जाणाऱ्या ऑटोंचा आवाज. काही झालं नाही.

योगिनी मात्र सारखी काहीतरी करत असते. सासूचं अंग पुसते, वेणी घालते, खिचडीचा एकेक घास भरवते. भरवता भरवता बोलत राहते, "आत्याबाई, खा ना थोडसं. आत्याबाई, पाहा बरं गुड्डी काय करून राह्यली." त्या आवाजात माझं बसणं वाया जातं. शेवटी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही मध्ये बोलू नका. मला पेशंटचं ऐकायचं आहे."

"हाव ताई," ती म्हणाली. तेव्हापासून गप्प आहे. बरं झालं.

तिच्या दंडांवर चट्टे दिसले. विचारलं तर म्हणाली, कापसाची खाज. यंदा बोंडअळीचा कापूस आहे, घरात गंजी लागली की सगळ्यांच्या अंगाला खाज सुटते. आमच्याही गादीघरात अब्बा खाजवत असतात. मी तिला कॅलामाइनची बाटली दिली. काही चट्टे लाल होते, काही निळसर. सगळ्यांना लावा म्हटलं.

८ नोव्हेंबर

पेशंटशी झालेलं बोलणं लिहायचा कागद कोरा आहे. 'रुग्ण बोलली नाही' हे वाक्य इंग्रजीत किती प्रकारांनी लिहिता येतं ते मला आता पाठ आहे. बाकीच्या मुलींचे पेशंट बोलतात, रडतात, गाणी म्हणतात. आज मॅडमना म्हटलं, मला दुसरी केस द्या. त्या म्हणाल्या, "तुला गप्प माणसाची भीती वाटते का ग?" मी नाही म्हटलं. मला गप्प माणसाची भीती वाटत नाही, राग येतो.

११ नोव्हेंबर

आज बोलल्या!

दुपारी डासांचं औषध मारायला माणूस वॉर्डात आला. पाठीला पंप, हातात नळी. दांडा हलवायचा खटखट आवाज झाला आणि सत्यभामाबाई पलंगावर उठून बसल्या. ओरडल्या, "कचरू, ठेव ते! ठेव खाली! तोंडाले फडकं बांध!"

त्या माणसाला मी बाहेर घालवलं.  मी बाईंचा हात धरला. मग त्या जे बोलायला लागल्या ते थांबेनात.

कचरू त्यांचा सालदार. शेखर, म्हणजे त्यांचा मुलगा, शाळेत जायचा तेव्हापासून कामाला. यंदा बीटी बियाणं असूनही कपाशीत अळी पडली. फवारलं, मेली नाही. पुन्हा फवारलं, मेली नाही. मग ड्रमात दोन औषधं एकत्र कालवून कचरूच्या पाठीवर पंप दिला. वारं उलटं होतं. संध्याकाळपर्यंत त्याला दिसेनासं झालं. "म्हने, बाई, मले दिवा काऊन नाही दिसून राह्यला? दिवा तं लागलेला होता, माय. त्याच्या तोंडासमोर होता." तो दवाखान्यात गेला, परत आला नाही.

"कोणी कालवलं होतं औषध?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

बाईंनी माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. मग म्हणाल्या, "मी. मी कालवलं."

योगिनी पलंगाखाली चटईवर होती. ती उठली, गुड्डीला कडेवर घेऊन बाहेर नळाकडे गेली आणि बराच वेळ आली नाही. आम्हाला एकटं सोडायचं तिला बरोबर कळलं. केअर प्लॅनमध्ये कुटुंबाच्या आधाराच्या रकान्यात मी लिहिलं: 'सून अतिशय समजूतदार व सहकार्य करणारी.'

१३ नोव्हेंबर

मॅडमनी संभाषणाचा कागद वाचला आणि पहिल्यांदा 'चांगलं' लिहिलं. मी तो शब्द दोनदा पाहिला. अम्मीला फोन केला. तिला काही समजलं नाही तरी ती खूष झाली.

संध्याकाळी योगिनी औषधांच्या खिडकीपाशी उभी होती. म्हणाली, "ताई, आत्याबाईले देता ते झोपेचं औषध मले बी भेटन काय?"

"तुम्ही काय पेशंट आहात?" मी हसले.

तीही हसली. "नाही ना. म्हूनच इचारलं." मग म्हणाली, "मनातलं बोललं की खरंच बरं वाटते काय हो?"

"बघा ना तुमच्या सासूबाईंकडे. आज पोळी मागून खाल्ली."

"कोणालेबी बरं वाटते का फक्त पेशंटले?"

ड्यूटी संपत आली होती आणि मला चार्ट भरायचे होते. म्हटलं, सगळ्यांनाच वाटतं. आणि आत गेले.

१८ नोव्हेंबर

रोज बोलणं होतं. आता बाई माझी वाट पाहतात. मला "पोरी" म्हणतात. पहिल्यांदा माझं नाव ऐकून जरा दचकल्या होत्या, आता विचारतात, "तुह्या बापाच्या हातची गादी कशी असते ओ?" मी सांगते. कापसाचं त्यांना सगळं कळतं.

आज तानाबाईचं सांगितलं. तानाबाई म्हणजे कचरूची बायको. तेराव्यानंतर ती यांच्या दारात आली आणि विचारलं, औषध कोणी कालवलं होतं? "मी म्हटलं, मी. तिनं काही शिवी नाही देल्ली मले. दाराच्या चौकटीले हात लावला अन् गेली. तिनं मारलं असतं तं बरं झालं असतं." मग म्हणाल्या, "मी मेली असती तं गोष्ट माह्यासंगंच गेली असती. कोणालेच काही झालं नसतं."

हा अपराधगंड. पुस्तकात अगदी असाच दिला आहे. दुसऱ्यांचं भलं व्हावं म्हणून आपण जावं, असा विचार. मी त्यांना समजावलं. म्हटलं, "मावशी, तुम्ही काही दाबून ठेवू नका. घरी गेल्यावर सगळ्यांसमोर बसून जे खरं आहे ते बोलून टाका."

"सारं?"

"सारं."

"त्यानं कोणाचं वाईट झालं तं?"

"खरं बोलल्यानं कसं वाईट होईल? तुमच्या छातीवरचं ओझं उतरेल."

 त्यांनी चटईकडे पाहिलं. योगिनी गुड्डीचे केस विंचरत होती. विंचरून झाले होते तरी विंचरत होती.

मॅडमनी या संभाषणाच्या समासात एकच शब्द लिहिला: 'उपदेश?' मला वाईट वाटलं. सगळं चांगलं चाललेलं असताना त्यांना काहीतरी खुपतंच.

२१ नोव्हेंबर

रंगराव आणि शेखर भेटायला आले. शेखरबद्दल माझं मत फार चांगलं झालं. स्वच्छ शर्ट, बोलणं मऊ. मला "मॅडम" म्हणाला, सफरचंदं आणली होती त्यातली दोन मला घ्यायला लावली. आईचे पाय दाबत बसला. बायकोशी बोलला नाही, पण लोकांसमोर खेड्यात कोण बोलतं?

जाताना व्हरांड्यात विचारलं, "आई काय काय बोलली मॅडम?"

मी म्हटलं, पेशंटचं बोलणं आम्ही सांगत नसतो. नियम आहे. पण त्याला धीर वाटावा म्हणून एवढं सांगितलं की आई आता मनातलं सगळं बोलायला लागली आहे, घरीही बोलेल, तुम्ही फक्त ऐकून घ्या.

"सगळं?" तो म्हणाला. हुबेहूब आईसारखा. मग आत गेला आणि योगिनीला बाहेर बोलावलं. दोघं जिन्यापाशी काही बोलले. ती परत आली तेव्हा तिचा पदर कानापर्यंत ओढलेला होता. मी थट्टा केली, "नवऱ्याला पाहून लाजता की काय?" ती पाणी भरायला गेली.

२५ नोव्हेंबर

सत्यभामाबाईंना सुट्टी झाली. स्वतः वेणी घातली, वॉर्डातल्या सगळ्यांना नमस्कार केला. मला जवळ घेऊन कानशिलावर बोटं मोडली. मला रडू आलं. इतक्या वर्षांत मी कोणाला बरं केल्यासारखं आज पहिल्यांदा वाटलं.

एक गंमत झाली. सामान बांधताना योगिनी म्हणाली, "ताई, सोमवारपर्यंत नाही ठेवता येत काय आत्याबाईले?"

"का हो? त्या बऱ्या झाल्या."

"त्या झाल्या. पण मले इथं बरं वाटते."

चटईवर झोपायचं, वरणाचं पाणी प्यायचं, यात काय बरं वाटतं? घरी कामाचा ढीग असेल म्हणून म्हणत असेल. म्हटलं, "हॉस्पिटल काय माहेर आहे?" गुड्डी पलंगाची दांडी सोडेना, तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. मग मी ओपीडीत गेले, त्यांना निघताना पाहिलं नाही.

१४ डिसेंबर

आज घरभेट. घाट उतरून मोताळ्यावरून नांदुऱ्याला एसटी, तिथून हायवेनं जीप. गावाच्या दोन्ही बाजूंनी कपाशी उभीच्या उभी वाळली आहे. काही लोक पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, उपटत होते, काहींनी त्यात जनावरं सोडली होती. झाडाला बोंडं आहेत, पण फोडलं की आत काळं. एरवी या दिवसांत वेचणीच्या बायकांनी वावरं भरलेली असतात. आज रस्ताभर मला वेचणारी एकही बाई दिसली नाही.

घर दोन खोल्यांचं. एक खोली निम्मी कवडी, म्हणजे किडक्या कापसानं भरलेली, तिच्यापुढे बाजा. सत्यभामाबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. मला पाहून हात धुऊन आल्या. झोप लागते, खातात, गोळ्या वेळेवर घेतात. मी सगळं विचारून घेतलं.

"तू सांगतलं तसं केलं पोरी," त्या हळूच म्हणाल्या. "घरात सांगून टाकलं सारं. खरं काय ते. शेखरच्या बापासमोर, साऱ्याइसमोर. दोन दिवस घरात कोणी जेवलं नाही. पण मले हलकं वाटते."

माझ्या केअर प्लॅनमधलं शेवटचं उद्दिष्ट पूर्ण झालं. तिथंच बसून खूण केली.

योगिनीनं चहा आणला. फार वाळली आहे. मी म्हटलं, "सासूबाई सुधारल्या आणि तुम्हीच उतरलात की!" तिनं कप माझ्यापुढे ठेवला. शेखर दारात उभा होता. त्यानं सांगितलं, "तिचं लक्ष नसते मॅडम कशातच. आज चहात मीठ टाकलं होतं सकाळी."

निघाले तेव्हा योगिनी म्हणाली, "मी फाट्यावरोक येते ताईसंगं." शेखर म्हणाला, काही गरज नाही. सत्यभामाबाई म्हणाल्या, जाऊ दे. ती आली, गुड्डीला घेऊन.

 हायवेच्या कडेला उभे राहिलो तेव्हा म्हणाली, "ताई, एक सांगू?"

"सांगा ना."

"तुमच्याकडे असं असते काय, की पेशंट नसलेल्या माणसाचंबी—" ट्रकच्या आवाजात पुढचं गेलं. ती थांबली, ट्रक जाऊ दिला. "मी त्याले म्हटलं होतं, बाटलीवर बारीक अक्षरात लिवलेलं हाये, दुसरं औषध संगं नका टाकू. मी दहावी शिकेल हाये. मले वाचता येते. त्याले म्हटलं होतं मी."

"कोणाला?"

तेवढ्यात नांदुऱ्याची जीप आली. भरलेली, मागं एकच जागा. ड्रायव्हर ओरडला, "बसा लवकर बाई, मागं गाडी नाही." बुलडाण्याची शेवटची एसटी मला गाठायची होती. मी म्हटलं, "योगिनी, पुढच्या वेळी सासूबाईंना तपासणीला आणाल ना, तेव्हा निवांत बोलू. नक्की." ती म्हणाली, "हाव." मी बसले. मागच्या बाजूनं ती दिसत होती, गुड्डीचा हात हलवून मला टाटा करत होती.

बहुतेक शेखर आणि तिचं काही भांडण असावं. घरोघरी असतंच.

७ जानेवारी २०१८

सत्यभामाबाई तपासणीला आल्या नाहीत. प्रेझेंटेशन जवळ आलं आहे. इंग्रजी पाठ करते आहे.

२२ जानेवारी

लिहावं की नाही ते कळत नाही.

सकाळी फाईल पूर्ण करायला रंगरावांना फोन लावला. म्हटलं, मावशींना तपासणीला का नाही आणलं? ते म्हणाले, "घरात सुतक होतं जी. सून गेली. संक्रांतीच्या आंधी. विहिरीवर गेली होती, पाय घसरला."

मी काय म्हटलं ते आठवत नाही. त्यांनीच विचारलं, "गोळ्या तशाच चालू ठेवाच्या काय हिच्या?" मी हो म्हटलं.

पाय घसरला. पाणी समजून पेली. एकाच आवाजात सांगतात ते.

जेवायला गेले नाही. फाईल उघडून बसले. इतकी पानं. सत्यभामाबाईंची झोप, भूक, वजन, नजर, शब्द. योगिनीच्या नावानं सगळ्या फाईलमध्ये एकच ओळ. सहकार्य करणारी.

२४ जानेवारी

मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं. फाट्यावरचं पण. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं रागावतील. रागावल्या नाहीत.

"नातेवाईकाची आपण फाईल काढत नाही, सबीहा. तशी पद्धतच नाही."

"मॅडम, ती माझ्यासमोर बसलेली होती. रोज."

"माझ्यासमोर पण होती. मी राऊंडला यायचे तेव्हा उठून उभी राहायची. मी तिला म्हणायचे, जरा बाजूला हो."

नंतर त्या म्हणाल्या, केस सत्यभामाबाईंची आहे आणि पेशंट सुधारली आहे, हे खरं आहे. प्रेझेंटेशन दे. सुनेचा मृत्यू एका ओळीत लिही. कारण लिहू नकोस, कारण आपल्याला माहीत नाही. मी विचारलं, माहीत नाही का? त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मी उठून आले.

३० जानेवारी

दोन दिवस वॉर्डात गेले नाही. ताप आहे असं सांगितलं. ताप नाही. अंघोळीला जायचं म्हणून उठते आणि पलंगावरच बसून राहते. खोलीतल्या मुली म्हणतात, परीक्षेचं टेन्शन. मीही हो म्हणते. अम्मीचे फोन येतात. आवाजावरून तिला काही कळू नये म्हणून अभ्यास चालू आहे सांगते आणि ठेवते.

९ फेब्रुवारी

प्रेझेंटेशन झालं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, उपचारात सगळ्यात परिणामकारक काय ठरलं? मी पाठ केलेलं बोलले: रुग्णाला दडपलेली भावना कुटुंबासमोर व्यक्त करण्यास प्रोत्साहन दिलं. त्यांनी मान हलवली. कुटुंबातला आधार? मी म्हटलं, सून होती, तिचं निधन झालं. "अरेरे," त्या म्हणाल्या आणि पान उलटलं. वर्गात सगळ्यात जास्त गुण मला मिळाले.

अब्बांनी गल्लीत पेढे वाटले म्हणे. अम्मीनं फोनवर तो गलका ऐकवला. मी पंखा बंद करून ऐकत होते आणि मला एवढंच वाटत होतं की हे थांबावं.

१८ फेब्रुवारी

वडनेरला गेले. कोणी सांगितलं नव्हतं, फाईलही नेली नाही.

मागच्या आठवड्यातल्या गारांनी हरभरा आडवा झाला आहे. घरातली कापसाची खोली रिकामी. रंगराव आणि शेखर मलकापूरला गेले होते. सत्यभामाबाई ओट्यावर बसल्या होत्या, मांडीवर गुड्डी झोपलेली. मला पाहून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "बस."

बसले. या वेळी खरंच काही विचारलं नाही. मग त्याच बोलल्या.

"औषध मी नाही कालवलं, पोरी. मी त्या दिवशी वावरातच नव्हती. नांदुऱ्याले गेली होती बाजाराले."

"मग?"

"शेखरनं योगिनीले कालवाले सांगतलं, अन् तिनं कालवलं. ती नाही म्हनत होती. बाटलीवरचं वाचून दाखवलं तिनं त्याले. तो म्हने, लई शिकली का? टाक. टाकलं तिनं. तानाबाई इचाराले आली तं शेखरनं तिच्याकडं बोट केलं. पोरगी पांढरीफट पडली. मी आडवी आली. म्हटलं, मी कालवलं. मंग वाटलं, मीच गेली तं कोणी फिरून इचारनार नाही. ना पोराले, ना सुनेले. मामला मिटून जाईन."

मला मधेच उठावंसं वाटत होतं. उठता आलं नाही.

"मंग तुह्याकडून आली. तू म्हनली, सारं बोला. मी बोलली. शेखरच्या बापाले सांगतलं, हे तुह्या पोराचं काम हाये, ना माह्यं, ना सुनेचं. तं शेखर उठला अन् तिले म्हने, हात कोणाचे होते? तेवढंच. मंग रोज तेच. जेवाले वाढाले आली की, हात कोणाचे होते? पोट्टीले घेतलं की, त्या हातानं नको घेऊ तिले. गल्लीत ऐकू जाये. तानाबाईच्याबी कानावर गेलं."

"तुम्ही मला का नाही सांगितलं, मावशी? मी डिसेंबरमध्ये आले होते ना."

"तू इचारलं, झोप लागते काय. लागत होती." त्यांनी गुड्डीच्या कपाळावरची माशी हाकलली. "तुह्यं चुकलं असं नाही म्हनत मी. मले खरंच हलकं वाटलं होतं. माह्यावरचं निघालं ते तिच्यावर जाऊन बसलं. मले दिसत होतं. मी म्हटलं, निंघन चार दिवसात."

मी रडायला लागले. त्यांनी मला थोपटलं नाही. मीही त्यांना धरलं नाही. समोरून एक बाई डोक्यावर पऱ्हाट्यांचा भारा घेऊन गेली. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"तुही परीक्षा झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली."

"पास?"

"हो."

"मंग मी बरी झाली म्हून लिवलं असन तू."

मी मान हलवली.

"राहू दे तसंच. खोटं नाही ते." त्यांनी झोपलेल्या पोरीचा पाय पदराखाली घेतला. "मले आता मराची सोय नाही राह्यली."

मग त्या म्हणाल्या, हिले जराशी धर, मी चूल पेटवते. गुड्डीला माझ्या मांडीवर ठेवून त्या आत गेल्या. झोपेतच तिनं माझी ओढणी मुठीत धरली. दोन गाड्या हायवेनं गेल्याचा आवाज आला. मी उठले नाही.